आतड्याचे शेवटचे तीन मीटर

मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून ऑपरेशनसाठी मिरज गाठायची सवय या भागाला, अगदी सीमेपलीकडच्या कर्नाटकालाही लागली आहे. त्यामुळे ‘दुर्बिणीतून केलं, चार दिवसांत घरी’ हे वाक्य सांगलीत कुणाला नवीन नाही. आता ते वजनाच्या ऑपरेशनबद्दलही कानावर येतं. विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीला मधुमेह आहे, वजन बरंच आहे, गुडघे बोलतात. तिला कुणीतरी ‘सॅडी-एस’ हे नवं ऑपरेशन सुचवलं. तिनं मला एकच विचारलं, “अरे, यात म्हणे आतड्याला एकच जोड असतो. मग त्रासही कमीच ना?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर ऑपरेशन नीट समजून घ्यावं लागतं.

पहिला भाग जुना, बऱ्याच जणांना माहीत असलेला. तोंडावाटे एक जाड नळी जठरात उतरवतात आणि तिच्या कडेकडेनं स्टेपलर चालवत जठराचा मोठा भाग कापून बाहेर काढतात. उरते ती एक अरुंद, लांबट पिशवी. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भूक चाळवणारं संप्रेरक तयार होतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधून काढलं. तो भागच गेला की भूकही मंदावते. याला स्लीव्ह म्हणतात.

नवेपणा दुसऱ्या भागात आहे. जठराच्या खालच्या तोंडाशी पायलोरस नावाचा झडपेसारखा स्नायू असतो. तो जागेवर ठेवून त्याच्या जरा पुढे लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ड्युओडेनम, कापतात. मग सर्जन लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतात तिथून उलटं मोजत वर निघतो. दोन चिमट्यांनी आतडं थोडंथोडं पुढे सरकवत दहा, वीस, तीस सेंटिमीटर असं करत साधारण ३०० सेंटिमीटरवर थांबतो. आतड्याचा तो वळसा वर उचलून ड्युओडेनमच्या कापलेल्या टोकाला शिवतो. आता अन्न मधलं सगळं आतडं टाळून थेट शेवटच्या तीन मीटरमध्ये उतरतं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस जुन्याच वाटेनं येतात आणि अन्नाला या जोडापाशी भेटतात. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचल्यामुळे जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त सुटतात, पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि साखरही आटोक्यात येते.

हे तंत्र २००७ साली माद्रिदच्या आंद्रेस सांचेझ-पेर्नाउते आणि अंतोनिओ तोरेस यांनी मांडलं. सुरुवातीच्या रुग्णांमध्ये त्यांनी २०० सेंटिमीटर आतडं ठेवलं होतं. त्यातल्या काहींच्या अंगात प्रथिनांची इतकी कमतरता झाली, की लांबी २५० वर न्यावी लागली. पुढे अनेक ठिकाणी ती ३०० झाली. आज जो सुरक्षित आकडा सांगितला जातो, तो त्या पहिल्या रुग्णांनी सोसल्यामुळे कळला आहे, हे मला विसरता येत नाही. अमेरिकेतल्या वजनशल्यचिकित्सकांच्या संघटनेनं या ऑपरेशनला मान्यता दिली ती २०२० मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी.

म्हणून मावशीला मी सांगितलं, की नेहमीच्या बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) दोन जोड असतात; इथे एकच असल्यानं शिवण गळण्याची एक जागा कमी होते, हे खरं. पण पुढचा, आयुष्यभराचा त्रास जोडांच्या संख्येवर ठरत नाही, तो आतडं किती ठेवलं त्यावर ठरतो. माणसामाणसाच्या लहान आतड्याची लांबीही सारखी नसते. कुणाचं चार मीटर, कुणाचं सात. तीन मीटर ठेवले म्हणजे एकाचं एक मीटर टाळलं, दुसऱ्याचं चार. शिवाय आतडं ताणून मोजलं तर आकडा वेगळा येतो. ‘किती ठेवणार आणि एकूण किती आहे हे मोजणार का,’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

या क्षेत्राच्या इतिहासात उतावळेपणा फार महाग पडलेला आहे. लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळणारं एक बायपास साठच्या आणि सत्तरच्या दशकांत जोरात होतं. वजन झपाट्यानं उतरायचं. मग काहींची यकृतं निकामी झाली, मूत्रपिंडात खडे झाले, आणि ते ऑपरेशन मोडीत निघालं. नंतर जठराला बांधायचा सिलिकॉनचा पट्टा आला. बेल्जियमच्या एका केंद्रात १९९४ ते १९९७ दरम्यान पट्टा बसवलेल्या १५१ जणांचा बारा-पंधरा वर्षांनी शोध घेतला, तेव्हा ८२ जणच तपासायला मिळाले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा पट्टा काढावा लागला होता. आतड्यात ६० सेंटिमीटरची प्लास्टिकची नळी सोडायचा एक प्रयोग तर यकृतात गळवं होऊ लागल्यानं अमेरिकेत २०१५ साली मध्येच थांबवावा लागला. पहिल्या वर्षाचे आकडे तिन्ही वेळा आशा लावणारे होते.

त्या ८२ जणांइतकेच मला उरलेले ६९ महत्त्वाचे वाटतात. ज्याचं वजन परत वाढतं तो डॉक्टरांना तोंड दाखवायला लाजतो, यायचं बंद करतो, आणि सरासरीतून गळतो. कोणताही अभ्यास हाती आला की आधी पाहावं: किती जणांवर ऑपरेशन झालं, आणि पाचव्या वर्षी त्यांतले किती जण तपासणीला आले?

दुसरी गोम टक्क्यांची. पोट न कापता, तोंडावाटे एंडोस्कोप घालून जठर आतून शिवून लहान करायची एक पद्धत आहे. तिचा एक चांगला अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, २०९ जणांचा. वर्षभरात जादा वजनापैकी ४९ टक्के उतरलं असं त्यात दिसतं. त्याच अभ्यासात, त्याच रुग्णांचं एकूण वजन सरासरी १३.६ टक्क्यांनी उतरलं. दोन्ही आकडे खरे आहेत. पाच फूट तीन इंच उंचीच्या, ९१ किलोच्या बाईचं ‘योग्य’ वजन ६४ धरलं तर जादा वजन २७ किलो. त्याचे ४९ टक्के म्हणजे १३ किलो. जाहिरातीत ४९ छापतात, काट्यावर मात्र १३ दिसतात. टक्के कशाचे, हे विचारल्याशिवाय दोन ऑपरेशनांची तुलना करूच नये.

आता आपल्या ताटाकडे येऊ, कारण परदेशी अभ्यासांतून हे नेमकं सुटतं. ऑपरेशननंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात, सॅडीनंतर त्याहून जास्तच. सुरुवातीच्या महिन्यांत एका वेळी आमटीची एक वाटीही संपत नाही, आणि त्या वाटीभर आमटीत प्रथिनं सहा-सात ग्रॅमच. एका अंड्यात साधारण तेवढीच. मावशी शाकाहारी, त्यात सोमवार, एकादशी, चातुर्मास. साबुदाण्यात तर प्रथिनं नसल्यातच जमा. तिला डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रथिनांची पावडर, दही, पनीर यांचं रोजचं गणित बसवावं लागेल आणि काही उपासांना रजा द्यावी लागेल. हे ऑपरेशनच्या आधी घरात सगळ्यांसमोर बोलून घेतलेलं बरं, कारण सासर-माहेरचा आग्रह पाहुणचारातच जास्त दिसतो.

लोह आणि कॅल्शियम मुख्यतः वरच्या आतड्यात शोषलं जातं, नेमकं तेच टाळलेलं असतं. बी-१२ शोषायला जठरातून पाझरणारं एक प्रथिन लागतं, आणि जठर कमी झालेलं असतं. शाकाहारी माणसात बी-१२ आधीच बेताचं. स्निग्ध पदार्थ नीट पचत नसल्यानं अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं निसटतात. अ फारच कमी झालं तर अंधारात दिसेनासं होतं. पातळ, दुर्गंधी जुलाब हाही काहींचा नित्याचा भाग होतो, आणि शेतावर किंवा बसच्या लांब प्रवासात कामाला असलेल्या माणसासाठी ही किरकोळ बाब नाही.

कुणी ‘हे संशोधन म्हणून करतोय’ म्हणालं, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागावा. २००७ साली सुरू झालेली ही नोंदवही कुणालाही मोफत पाहता येते. संमतीपत्र मराठीत मिळायला हवं, त्याची प्रत घरी न्यायला मिळायला हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारापलीकडच्या, केवळ संशोधनासाठीच्या तपासण्यांचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो.

मावशीनं अजून ठरवलेलं नाही. मधुमेह असलेल्यांना या शस्त्रक्रियांनी खरोखर मोठा फायदा होतो, त्यामुळे मी तिला नको म्हटलेलं नाही. साधी स्लीव्ह, नेहमीचा बायपास आणि सॅडी, तिन्हींचे पाच वर्षांचे आकडे एकाच कागदावर लिहून मागायला सांगितलंय. शिवाय लोह, बी-१२, ड आणि अ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि पुढे जन्मभर वर्षातून एकदा लागतील. त्या सांगली-मिरजेतच होतील की दरवेळी पुणं गाठावं लागेल, हेही तिनं विचारून घ्यायचंय.