वरचा मजला, तापलेला स्लॅब आणि रात्रीचा एसी : आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

नागपूर-चंद्रपूरकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, मे महिन्यात रात्री 11 ला फॅन लावला तरी गरम हवाच अंगावर येते. 5 इंची स्लॅब दिवसभर ऊन खातो आणि ती उष्णता खाली उतरायला काही तास घेतो, म्हणजे बाहेर जरा बरं वाटायला लागतं तेव्हा तुमच्या बेडरूमचं छत भट्टी झालेलं असतं. मग एसी 18 वर, आणि तुमचाच नाही, अख्ख्या गल्लीचा. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट ओढतो, असे हजार एसी म्हणजे दीड मेगावॅट. दुपारी निदान सोलरची वीज असते, सूर्य मावळला की ती संपते आणि एसी चालूच.

आम्ही स्लॅबच्या वरून इन्सुलेशन करतो. 50 मिलिमीटरची एक्सपीएस शीट (म्हणजे दाट, कडक फोमचा बोर्ड) उष्णता अडवण्यात जवळपास दोन मीटर जाड काँक्रीटच्या बरोबरीची आहे (हे ऐकून सगळे हसतात, पण हिशेब खरा आहे). तिच्यावर कोबा आणि पांढरा चायना मोझॅक. खालून फॉल्स सीलिंगमध्ये केलं तर चालेल का? चालेल, भाड्याच्या घरात तेच करा, पण मग वर स्लॅब तापतच राहतो आणि भेगा पडायच्या त्या पडतातच. वरून झाकला की तोच जड स्लॅब गारवा धरून ठेवतो, म्हणून दुपारी 2 ते 5 एसी 24 वर चालवा, सोलरची वीज असते तेव्हाच, आणि संध्याकाळी 27 वर न्या नाहीतर थोडा वेळ बंदच ठेवा. सेटिंग एक डिग्री वर गेलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. टीओडी मीटर (वेळेनुसार विजेचा दर लावणारं) बसलं असेल तर दिवसाच्या युनिटला सवलत असते, बिलावर वेळा बघून घ्या.

आता ते ‘अडॅप्टिव्ह’ इन्सुलेशन, म्हणजे गरज पडेल तसं उष्णता अडवणारं किंवा सोडणारं. नेटवर व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात. बटण दाबलं की बदलणाऱ्या भिंती अजून प्रयोगशाळेतच जास्त आहेत, आम्ही विकत नाही. पीसीएम (फेज चेंज मटेरियल) मिळतं, मेणासारखा पदार्थ 26-28 डिग्रीला वितळतो आणि वितळताना खोलीतली उष्णता शोषतो. पण ते परत गोठायला हवं ना! आपल्याकडे मे मध्ये बऱ्याचदा रात्रीसुद्धा पारा 28-30 च्या खाली येत नाही, त्यामुळे नुसत्या कूलरच्या घरात ते वितळून पडून राहणार, पैसे वाया. एसीची खोली असेल तरच विचारा.

सगळ्यात स्वस्त अडॅप्टिव्ह प्रकार म्हणजे गच्चीवर गुंडाळता येणारी हिरवी नेट. दिवसा ओढायची, सूर्य गेला की गुंडाळायची म्हणजे स्लॅब उघड्या आकाशाखाली निवतो, हिवाळ्यात काढूनच ठेवायची. त्याला आमची गरज नाही, घरी करा.

इन्सुलेशन केलंत तरी रात्री एसी बंद असेल तेव्हा खिडक्या उघडा, कारण आत शिरलेली गरमीही ते तसंच धरून ठेवतं. आणि गच्ची गळत असेल तर आधी गळती, मग शीट. ओल्या स्लॅबवर आम्ही काम धरत नाही, कितीही घाई असली तरी.