पाँटिॲक जीटीओ : पुनरुज्जीवनाची अपेक्षा

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या पाँटिॲक विभागाने १९६४ ते १९७४ या मॉडेल-वर्षांत विकलेली दोन दारांची वेगवान मोटार, आणि ती पुन्हा तयार व्हावी अशी तिच्या चाहत्यांनी पुढे कित्येक दशके बाळगलेली आशा. ही आशा २००४ ते २००६ या काळात एकदा फळाला आली. मात्र परत आलेल्या गाडीने जुन्या चाहत्यांचे पुरते समाधान केले नाही, आणि २००९ मध्ये पाँटिॲक हे नावच बंद करण्याचा निर्णय झाला. अभिजात अमेरिकन मोटारींच्या पुनरागमनाची मागणी मस्टँग, कॅमारो, थंडरबर्ड अशा अनेक नावांभोवती झाली आहे. ‘गाडी परत आली’ म्हणजे नेमके काय परत आले, हा प्रश्न जीटीओच्या बाबतीत सर्वांत ठळकपणे पुढे येतो.

उगम : जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्याचा आदेश दिला. शर्यतींतील विजयांवर तरुण ग्राहक मिळवलेल्या पाँटिॲकला हा मोठाच धक्का होता. त्याच सुमारास विभागाची टेंपेस्ट ही मध्यम आकाराची गाडी १९६४ साठी नव्या सांगाड्यावर बांधली जात होती. तिचे ३२६ घन इंचांचे इंजिन आणि मोठ्या पाँटिॲक गाड्यांचे ३८९ घन इंचांचे (सुमारे ६.४ लिटर) इंजिन बाह्य आकाराने व बसवण्याच्या आधारांनी सारखेच होते. त्यामुळे मोठे इंजिन छोट्या गाडीत फारशी तोडफोड न करता बसू शकत होते. अडचण कंपनीच्या नियमाची होती : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन देण्यास मनाई होती. हा नियम मूळ मॉडेलांना लागू होता, ग्राहकाने वेगळे पैसे भरून मागवायच्या जोडसाहित्याला नव्हे, असा अर्थ पाँटिॲकने लावला आणि जीटीओ हे टेंपेस्टच्या लमाँ या आवृत्तीवरचे जोडसाहित्य म्हणून बाजारात आणले. त्याची किंमत ३०० डॉलरच्या आत होती. विभागप्रमुख इलियट एस्टिस यांनी त्याला संमती दिली. विक्री विभागाने सुरुवातीला ५,००० गाड्यांपलीकडे हमी घेतली नव्हती. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

ही कल्पना मुळात कोणाची, याबद्दल एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ मुख्य अभियंता जॉन डिलोरियन यांना श्रेय देतात, आणि फेरारी २५० जीटीओवरून नाव उचलण्याचे श्रेयही त्यांच्याच खाती जमा होते. दुसरी परंपरा पाँटिॲकच्या जाहिरात संस्थेतील जिम वँगर्स यांना या गाडीचे खरे जनक मानते. तिसरे मत असे की, मिलफर्ड येथील चाचणी मैदानावर गाडी पाहत असताना सांगाड्याचे अभियंता बिल कॉलिन्स यांनी इंजिनांच्या समान आधारांकडे लक्ष वेधले, इंजिनतज्ज्ञ रसेल गी यांनी इंजिनाची बाजू सांभाळली आणि डिलोरियन यांनी ते वरिष्ठांच्या गळी उतरवले. सांगाडा आणि इंजिन यांचा मेळ प्रथम सांगाड्यावर काम करणाऱ्याच्या लक्षात येणे अधिक संभवते, म्हणून तिसरे मत ग्राह्य वाटते. वँगर्स यांचे काम त्यानंतर सुरू होते, पण ते कमी महत्त्वाचे नाही. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मार्च १९६४ मध्ये पाँटिॲक आणि फेरारी या दोन जीटीओंची तुलना छापली. तिच्यासाठी फेरारी प्रत्यक्ष चालवलीच गेली नव्हती. चाचणीला दिलेल्या पाँटिॲकमध्ये ३८९ ऐवजी ४२१ घन इंचांचे इंजिन होते, हे वँगर्स यांनी पुढे मान्य केले. गाडीची दंतकथा तोवर घट्ट रुजली होती.

जीटीओ ही पहिली ‘मसल कार’ (मध्यम आकाराच्या गाडीत ताकदवान इंजिन बसवलेली वेगवान मोटार) होय, हे विधानही सर्वमान्य नाही. मध्यम बांध्याच्या गाडीत ताकदवान व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) इंजिन घालण्याचा मान काही अभ्यासक १९४९ च्या ओल्डस्मोबिल रॉकेट ८८ ला देतात, तर काही १९५५ च्या ३०० अश्वशक्तीच्या क्रायस्लर सी-३०० ला. वेगाचाच निकष लावला तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु सी-३०० ही सधन प्रौढांची गाडी होती. तरुणाला परवडेल अशा किमतीत, जोडसाहित्याच्या यादीतून हवे तसे सजवून घेता येईल असे वाहन, हा या वर्गाचा प्राण धरला तर आरंभ १९६४ पासून करणेच योग्य.

पुढील इतिहास थोडक्यात असा : १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि त्या वर्षी तिने ९६,९४६ हा उच्चांक गाठला, १९६८ मध्ये नवे रूप व रंगीत लवचिक बंपर आला, १९६९ मध्ये ‘जज’ ही भडक आवृत्ती निघाली. वाढते विमा हप्ते आणि धुरावरील निर्बंध यांनी खप घसरला. १९७२ मध्ये ती पुन्हा जोडसाहित्य बनली आणि १९७४ मध्ये छोट्या व्हेंचुरा गाडीवर एक वर्ष काढून बंद पडली.

पुनरागमन : १९९९ च्या डेट्रॉइट प्रदर्शनात पाँटिॲकने जीटीओ नावाची एक संकल्पना-गाडी मांडली. तिच्या रूपात साठीच्या दशकातील खुणा उघड दिसत होत्या, पण ती कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. २००१ मध्ये जनरल मोटर्समध्ये आलेल्या बॉब लुट्झ यांनी ऑस्ट्रेलियातील होल्डन या भगिनी कंपनीची मोनारो ही मागची चाके चालवणारी व्ही-८ कूपे (दोन दारांची मोटार) अमेरिकेत आणण्याचा आग्रह धरला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ येथील कारखान्यात तिची डावीकडे स्टिअरिंग असलेली आवृत्ती बनू लागली. अमेरिकेतील मागून होणाऱ्या धडकेच्या नियमांसाठी इंधनाची टाकी हलवावी लागली, त्यामुळे डिकीतील जागा बरीच घटली. धुराड्याचा आवाज १९६४ च्या गाडीसारखा यावा म्हणून अभियंत्यांनी खास मेहनत घेतली. २००४ च्या गाडीत ३५०, तर पुढील दोन वर्षांच्या गाड्यांत ४०० अश्वशक्ती होती.

या आकड्यांची जुन्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. १९६४ मध्ये तीन कार्ब्युरेटरांच्या ‘ट्राय-पॉवर’ रचनेसह ३४८ अश्वशक्ती छापली जाई. ती पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असला भार काढून चाचणीमंचावर मोजलेली ढोबळ शक्ती होती. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या सर्व जोडण्यांसह मोजलेली निव्वळ शक्ती छापू लागल्या. निव्वळ ४०० म्हणजे मूळ जीटीओपेक्षा फारच अधिक. तेव्हा नव्या गाडीवरची नाराजी ताकदीची नव्हती. ती दिसण्याची होती : सौम्य, गोलसर पत्रा, आणि पहिल्या वर्षी बॉनेटवर हवेची तोंडेही नव्हती. ती २००५ मध्ये आली. किंमत ३२ हजार डॉलरच्या आसपास गेली, हेही तरुणांच्या गाडीला मारक ठरले. तीन वर्षांत सुमारे ४०,८०० गाड्या बनल्या. २००७ पासूनच्या एअरबॅग नियमांसाठी पुन्हा खर्च करणे परवडणार नाही, हे उत्पादन थांबवण्याचे एक कारण सांगितले जाते. आज मात्र याच गाडीला, तिच्या इंजिनामुळे आणि हाती गिअर बदलण्याच्या सोयीमुळे, स्वतंत्र चाहतावर्ग लाभला आहे, आणि ते न्याय्यच आहे.

सद्यःस्थिती : २००९ च्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जनरल मोटर्सने शेव्हरोले, कॅडिलॅक, ब्यूक आणि जीएमसी ही चार नावे अमेरिकेत ठेवली. १९२६ पासूनचे पाँटिॲक संपले. एलिझाबेथचा कारखाना ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाला, म्हणजे २००४ चा मार्गही मिटला. तरी चाहत्यांची मागणी तीन दिशांनी चालू आहे. काहींना आधी पाँटिॲक हा विभागच परत हवा आहे. काहींना १९६९ च्या वळणाची नवी कूपे हवी आहे. यांपैकी काहींची हौस खासगी कारागिरांनी शेव्हरोलेच्या कॅमारोवर पाँटिॲकच्या वळणाचे पत्रे चढवून भागवली, पण डिसेंबर २०२३ मध्ये कॅमारोच बंद झाली. तिसरा गट म्हणतो की, चालू गाडीवर मोठ्या इंजिनाचे जोडसाहित्य म्हणून जीटीओ द्यावी. मूळ कृतीशी सर्वांत इमान राखणारी मागणी हीच. परंतु शेव्हरोलेची कॉर्व्हेट आणि कॅडिलॅकच्या गाड्या सोडल्यास कंपनीजवळ मागची चाके चालवणारी प्रवासी मोटार उरलेली नाही. फोर्डच्या ब्राँको या एसयूव्हीने २५ वर्षांच्या खंडानंतर २०२१ मध्ये यशस्वी पुनरागमन केले, याचा दाखला चाहते देतात. तेथे नाव आणि विभाग दोन्ही जिवंत कंपनीच्या हाती होते, हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

दरम्यान जुन्या गाड्यांचे जतन संघटितपणे होते. पाँटिॲक-ओकलंड क्लब इंटरनॅशनल १९७२ मध्ये, तर जीटीओ असोसिएशन ऑफ अमेरिका १९७९ मध्ये स्थापन झाली. यांच्या वर्तुळात सत्यतेचा प्रश्न कळीचा असतो, कारण साध्या लमाँला जीटीओचे रूप देऊन बनवलेल्या ‘क्लोन’ गाड्या पुष्कळ आहेत. १९६६ ते १९७१ च्या अस्सल जीटीओचा वाहन-क्रमांक २४२ ने सुरू होतो. १९६४ व १९६५ मध्ये ती जोडसाहित्य असल्याने क्रमांकावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी कारखान्याच्या मूळ विक्रीनोंदींची प्रत मागवावी लागते. सर्वांत मोलाच्या पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांची ओळख अशी केवळ कागदावर अवलंबून आहे.