वाय-फाय माजघरात का पोचत नाही?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे : "नेट खूप स्लो आहे, मोठा प्लॅन करून द्या." प्लॅन वाढवून देणं आम्हाला पाच मिनिटांचं काम आहे. पण त्याआधी हा कागद वाचा, कारण बऱ्याच घरांत त्या वाढीव पैशांचा काही उपयोग होत नाही. लाइन घरापर्यंत येणं वेगळं आणि वाय-फाय घरभर पसरणं वेगळं. प्लॅनचे पैसे तुम्ही पहिल्यासाठी भरता आणि तक्रार असते दुसऱ्याची.

आधी राउटरजवळ उभे राहा

घरातल्या बाकीच्या फोनचं वाय-फाय थोडा वेळ बंद करा. राउटरपासून हातभर अंतरावर उभं राहून स्पीड टेस्ट लावा. प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल आणि आकडा ४५च्या पुढे येत असेल, तर लाइन ठणठणीत आहे. मग तीच टेस्ट माजघरात करा. दोन आकड्यांत जो फरक दिसेल तो भिंतींनी खाल्लेला आहे, आणि प्लॅन दुप्पट केला तरी भिंती तशाच राहणार. राउटरजवळही आकडा कमी येत असेल तर मात्र काम आमचं. लगेच कळवा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. प्लॅनमधला 'एमबी' आणि सिनेमाच्या फाइलमधला 'एमबी' एक नाही. प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ५० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साधारण ६ एमबी उतरतात. हे दिसलं की फसवणूक झाली असं वाटू देऊ नका, हिशोब तसाच आहे. चांगला स्वच्छ एचडी व्हिडिओ ५ एमबीपीएसवर चालतो. त्यामुळे चारपाच माणसांच्या घराला ५० पुष्कळ होतात.

चिऱ्याची भिंत

आपल्याकडची घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जुन्या घरांत दीड फुटाच्या भिंतीही आहेत. वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. लाकडी दारातून त्या सहज जातात, चिऱ्यातून जाताना खूप क्षीण होतात. त्यात चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ओल धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. एप्रिलमध्ये ज्या खोलीत नेट चालत होतं तिथे जुलैमध्ये का अडखळतं, याचं हे एक कारण.

मागच्या पावसाळ्यात एका घरी गेलो होतो. राउटर ओटीवर, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून ठेवलेला. घरातल्या काकी मुलाशी व्हिडिओ कॉल करायच्या त्या माजघराच्या दाराच्या चौकटीत उभं राहून, कारण आत एक पाऊल टाकलं की चित्र थांबायचं. गुडघेदुखी असताना अर्धा अर्धा तास उभ्या. त्यांनी मोठा प्लॅन मागितला होता. आम्ही फायबर, म्हणजे नेट आणणारी काचेची बारीक तार, थोडी वाढवून घेतली आणि राउटर माजघरात, दारावरच्या फळीवर बसवला. आता तो घराच्या मधोमध आहे आणि तिन्ही बाजूंच्या खोल्यांना दारांतून लहरी मिळतात. प्लॅन जुनाच, राउटरही जुनाच. काकी आता झोपाळ्यावर बसून बोलतात.

म्हणून जागा निवडताना घराचा मध्य पाहा, छातीच्या वरची उंची पाहा आणि दार समोर येईल असं पाहा. कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड राउटर ठेवू नका. शोभेसाठी बंद शोकेसमध्येही नको, कारण तिथे तो तापतो.

अँटेना खोलीच्या दिशेने रोखून ठेवलेल्या आम्हाला नेहमी दिसतात. अँटेनाच्या टोकातून काही बाहेर पडत नाही. लहरी तिच्या भोवती मेदूवड्यासारख्या पसरतात आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातात. एकमजली घरात अँटेना सरळ उभ्या ठेवा. माडीवरही नेट हवं असेल तर एक आडवी करा.

२.४ आणि ५

फोनच्या वाय-फाय यादीत तुमच्या राउटरची बहुधा दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी बऱ्याचदा ५जी असतं. हे मोबाइलचं ५जी नव्हे. इथे ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. ५ गिगाहर्ट्झला वेग भरपूर, पण चिऱ्याच्या भिंतीपुढे ते लवकर हार मानतं. राउटर असलेल्या खोलीत ५, मागे परसात २.४, असं वापरा. कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब बहुतेक २.४ वरच जोडले जातात.

फोनवर कांड्या भरलेल्या दिसतात तरी पान उघडत नाही, असंही होतं. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचा रेडिओ दुबळा असतो, त्याचं उत्तर राउटरला ऐकू येत नाही.

जागा बदलूनही मागची खोली कोरडीच राहिली तर आम्ही केबल टाकून तिथे अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारा दुसरा डबा, बसवतो. भिंतीतल्या प्लगला लावायचा साधा रिपीटर (आलेलं वाय-फाय पुढे ढकलणारा डबा) स्वस्त पडतो, पण तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. घ्यायचाच झाला तर जिथे नेट येत नाही तिथे लावू नका. जिथपर्यंत चांगलं येतं तिथे लावा. केबल घेताना वायर पूर्ण तांब्याची आहे का हे विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल आपल्या खाऱ्या हवेत टिकत नाही.

रीस्टार्ट आणि रीसेट

अडचण आली की राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. हा रीस्टार्ट, तो खुशाल करा. पण मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. तो रीसेट. त्याने आम्ही भरलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसलं जातं आणि आमचा माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय राहतं.

राउटरवर एलओएस (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल येत नाही) लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर बहुधा फायबर कुठेतरी तुटलेली किंवा दबलेली आहे. कितीही रीस्टार्ट केलं तरी फरक पडणार नाही, फोन करा. घरातल्या पातळ फायबरचं बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका, आत काच आहे. आणि तिचं टोक काढून कधीही डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला धोका असतो.

लाईट गेली की

आमची फायबर मधे ज्या डब्यांतून फाटते त्यांना वीज लागत नाही. त्यामुळे वाडीतली लाईट गेली तरी लाइन चालू असते, बंद पडतो तो तुमचा राउटर. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्यावर घ्या, १० वॉटच्या आसपास वीज लागते. नसेल तर छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो. त्यावरचे व्होल्ट अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टइतकेच हवेत, बहुधा १२. अँपियर तेवढे किंवा जास्त चालतील. खोक्यावर १०,००० एमएएच (बॅटरीचं माप) लिहिलेलं असलं तरी ते ३.७ व्होल्टला मोजलेलं असतं, म्हणजे ३७ वॉट-तास. तीन तासांच्या आसपास धरून चला.

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच अडॅप्टर प्लगमधून उपसून ठेवा, नुसतं बटण बंद करू नका. काच वीज वाहून नेत नाही, पण विजेच्या लाइनमधून येणारा दणका अडॅप्टर आणि राउटर दोन्ही जाळतो. दुसऱ्या घरात किंवा गोठ्यात लांब केबल गेली असेल तर तीही आधीच काढा.

गणपतीला

चाकरमानी आले की एका राउटरवर पंचवीस फोन येतात. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करून घ्या, विनामूल्य लावून देऊ. पासवर्ड मोबाइल नंबर नको. आणि मुलांचा ऑनलाइन क्लास किंवा कुणाचं घरून काम असेल तर त्या कॉम्प्युटरला केबलच लावा, मग घरात कितीही फोन असोत, भिंतीचा आणि गर्दीच्या वाय-फायचा प्रश्न त्याला येत नाही.

तार खाली पडली तर

झावळ पडून आमची तार अंगणात लोंबत असेल तर तिला हात लावू नका. आत काच असली तरी आधाराला बऱ्याचदा पोलादी तार असते, आणि वर कुठेतरी ती विजेच्या तारेला चिकटलेली असू शकते. काठीने बाजूला करायलाही जाऊ नका. मुलं आणि गुरं तिकडे जाणार नाहीत एवढं बघा, आणि आम्हाला फोन करा, रात्र असली तरी.