'आणि तिखट कुठे?': जिभेच्या चवींची पार्श्वभूमी

द्राक्षांचा हंगाम लागला की नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन चाखायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढतात. अशाच एका ठिकाणी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. ग्लास हातात देणारा मुलगा पाठ केलेलं बोलत होता: या ग्लासचा काठ निमुळता आहे, त्यामुळे वाइन बरोबर जिभेच्या टोकावर पडते, आणि टोकाला गोड कळतं. मागे भिंतीवर जिभेचं रंगीत चित्र. टोकाला गोड, पुढच्या कडांना खारट, मागच्या कडांना आंबट, घशाजवळ कडू. आमच्यातल्या काकूंनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, "अरे, आणि तिखट कुठे?" मुलगा हसला आणि पुढचा ग्लास भरायला घेतला.

मिसळीच्या गावात हा प्रश्न निघणारच. पण आधी चित्राचं बघू, कारण ते लवकर निकालात निघतं.

१९०१ साली एका जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेकडेने चारही चवींची द्रावणं लावून पाहिली. किती पातळ द्रावण कुठे कळतं, एवढंच त्याला मोजायचं होतं. फरक सापडले, पण थोडेच. सगळ्या चवी सगळीकडे कळत होत्या, कुठे किंचित कमी मात्रेत, कुठे किंचित जास्त. १९४२ साली एका अमेरिकी प्राध्यापकाने आपल्या जाडजूड ग्रंथात त्याच आकड्यांचा आलेख दिला, आणि आलेखाची उंची नेमकं किती दाखवते हे लिहायचं राहिलं. वाचणाऱ्यांनी शिखर म्हणजे सगळं आणि उतार संपला की शून्य असा अर्थ लावला. त्यातून नकाशा झाला, नकाशा शाळेत गेला, आम्ही तो प्रयोगवहीत काढून रंगवला. १९७४ साली पुन्हा मोजणी झाली तेव्हाही तेच निघालं: फरक आहेत, पण जेवताना जाणवावेत एवढे नाहीत. कापसाची काडी मिठाच्या पाण्यात बुडवून जिभेच्या टोकाला लावली तर नकाशाप्रमाणे तिथे खारट कळायलाच नको. क्षणात कळतं. वाइनच्या ग्लासांचा धंदा मात्र अजून त्या नकाशावर बऱ्यापैकी उभा आहे.

खरी यंत्रणा फार बारीक आहे. आरशात जिभेवर दिसतात ते गुलाबी उंचवटे; रुचिकलिका त्यांच्या आत दडलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा ओळखल्या गेल्या १८६७ साली. एकेका कलिकेत ५० ते १०० पेशी, लसणाच्या गड्ड्यातल्या पाकळ्यांसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या, आणि वर एक भोक. त्या भोकातून लाळेत विरघळलेलं तेवढंच आत पोचतं. जीभ स्वच्छ रुमालाने कोरडी पुसून खडीसाखरेचा खडा ठेवून बघा, ओल सुटेपर्यंत तो नुसता खडा असतो. या पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात. चहाने भाजलेल्या जिभेची चव आठवड्याभरात परत येते ती त्यामुळेच.

गेल्या पंचवीसेक वर्षांत या पेशींवरची कुलपंही सापडली. २००० ते २००२ या अवघ्या दोन-तीन वर्षांत कडू, गोड आणि उमामी (अजिनोमोटोची ती चव) यांचे ग्राही रेणू हाती लागले. गोडासाठी दोन प्रथिनांची एकच जोडी, कडूसाठी मात्र सुमारे २५ वेगवेगळे ग्राही. कारण उघड आहे: साखर ओळखायला एक किल्ली पुरते, विषं मात्र हजार प्रकारची असतात. आंबट म्हणजे आम्लातून सुटणारा हायड्रोजनचा कण, आणि तो पेशीत कुठून शिरतो हे २०१८-१९मध्ये पक्कं झालं. उमामी १९०८ सालीच एका जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळी काढली होती आणि पुढच्याच वर्षी तिची पांढरी पूड बाजारात आली, तीच आपल्या चायनीजच्या गाडीवरची अजिनोमोटो. तरी बाकीच्या जगाने तिला पाचवी चव म्हणून मनापासून मान्य करायला जवळपास शंभर वर्षं घेतली. पिंपळगावच्या पिकलेल्या टोमॅटोत ती भरपूर असते, पण मराठीत तिला नाव नाही. गंमत म्हणजे मीठ नसण्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, अळणी.

तर आजच्या हिशेबात चवी पाच: गोड, खारट, आंबट, कडू, उमामी. काकूंचं तिखट यात नाही, तुरटही नाही. आणि आपण तर लहानपणापासून षड्रस ऐकत आलो.

तिखट यादीतून का गेलं? चवीची व्याख्या अलीकडे फार काटेकोर झाली म्हणून. रुचिकलिकेतल्या पेशीने ओळखलं तर ती चव, नाहीतर नाही. मिरचीला त्या पेशी ओळखत नाहीत. मिरची ज्या नसेला कळते ती चेहऱ्याचा, दातांचा, डोळ्यांचा स्पर्श, दाह आणि वेदना मेंदूला कळवणारी नस. त्या नसेच्या टोकावरचा मिरचीचा ग्राही १९९७ साली सापडला, आणि तोच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेलाही उघडतो असं दिसलं. या कामाला २०२१ साली नोबेलही मिळालं. म्हणजे तर्री झोंबते तेव्हा तोंडाला खरोखरच 'भाजतंय' असा निरोप जात असतो. रस्सा कढत असला की तीच मिसळ आणखी झोंबते, कारण एकाच दारावर दोघं धक्का देतात. शिवाय मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला की डोळ्यालाही तिखट 'लागतं'. गुळाचा हात लागला तर डोळ्याला गोड लागत नाही. तिखटाला चवींतून वगळणाऱ्यांचा हा सगळ्यात पक्का मुद्दा आहे, आणि तो मान्य करावाच लागतो.

पण 'तिखट ही चव नाही, ती वेदना आहे' हे एका ओळीत सांगून मोकळे होणारे लोक एक गुंता सोडून देतात. तो शब्दांचा आहे आणि बराच जुना आहे.

षड्रसांची संस्कृत नावं अशी: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. मराठी वाचणारा कटु म्हणजे कडू धरतो आणि तिक्त म्हणजे तिखट. दोन्ही उलटं आहे. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. शब्द एकमेकांच्या घरात राहायला गेले. कटु प्राकृतातून घसरत मराठीत कडू झाला, आणि येताना अर्थ बदलून आला. तिखट हा शब्द तिक्तवरून आलेला नाही, तो तीक्ष्ण-तिक्ख या वाटेने आला. त्यात तीक्ष्ण आणि तिक्त ही दोन्ही मुळात 'तिज्' म्हणजे धार लावणे या एकाच धातूची लेकरं, त्यामुळे गोंधळाचं बी आधीपासूनच पेरलेलं होतं. जुना अर्थ काही ठिकाणी अजून तग धरून आहे. उत्तरेत मोहरीच्या तेलाला 'कडवा तेल' म्हणतात. ते कडू नसतं, नाकात जाणारं असतं. आपल्याकडे त्रिकटू चूर्ण आहे. जुन्या नाशकातल्या काष्ठौषधीच्या दुकानात ते मागणारा नवखा माणूस कडू औषध म्हणून तोंड वाकडं करूनच पुडी उघडतो, आणि आत निघतं सुंठ, मिरे, पिंपळी. तिन्ही झणझणीत.

या गोंधळाचा फटका शिकवण्यात बसतो. षड्रसांची यादी समोर ठेवून 'आपल्या पूर्वजांनाही कडू, तिखट माहीत होतं' असं सांगणाऱ्या भाषणांत आणि फलकांत कटु पुढे कडू आणि तिक्त पुढे तिखट लिहिलेलं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय. मग मिरे कडू होतात आणि कारलं तिखट. एवढं चुकल्यावर पूर्वजांचं कौतुक करून उपयोग काय!

आता त्रिकटूतले तिघे परत बघा. मिरची इथली नाही, ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर अमेरिकेतून आली. म्हणजे कटु हा रस ठरला तेव्हा मिरची कोणाला माहीत नव्हती. त्यांच्यापुढे मिरे होते, पिंपळी होती, आलं होतं. आणि मिऱ्यातलं तिखट द्रव्य, पिंपळीतलं तेच द्रव्य, आल्यातली तिखट द्रव्यं आणि नंतर आलेली मिरची, हे सगळे १९९७ साली सापडलेल्या त्याच एका ग्राहीवर काम करतात. चाखून चाखून केलेली ती वर्गवारी रेणूच्या पातळीवरही एकत्र राहिली. (मोहरी मात्र मुख्यतः दुसऱ्याच दारावर थाप मारते, म्हणूनच ती नाकात जास्त जाते.) मला यात जुन्यांना सगळं ठाऊक होतं असं काही म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच की त्यांचा प्रश्न वेगळा होता. तोंडात घातल्यावर पदार्थ कसा लागतो, हा त्यांचा प्रश्न. आजचा प्रश्न आहे, कुठल्या पेशीने ओळखलं? पहिल्याला सहा हे उत्तर येतं, दुसऱ्याला पाच. एका उत्तराने दुसरं खोटं पडत नाही.

सहा हा आकडाही सहज ठरलेला नाही. चरकसंहितेत रस किती यावर एक आख्खी चर्चा आहे. कोणी एक म्हणतो, कोणी दोन, तीन, चार, पाच. सात म्हणणारा क्षार मोजतो, आठ म्हणणारा त्यात अव्यक्त, म्हणजे नीट न कळणारा रसही घालतो, शेवटचा म्हणतो अगणित. मग निकाल लागतो सहाचा, आणि क्षाराला बाहेर काढताना दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे: क्षार हे द्रव्य आहे, रस नव्हे. म्हणजे कुठली संवेदना यादीत बसवायची आणि कुठली बाहेर ठेवायची, याच मुद्द्यावर तेव्हाही वाद झाला होता.

राहिलं तुरट, म्हणजे कषाय. नाशिकला हे जास्त जवळचं, कारण २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणल्यापासून इथे लाल वाइन वाढली आणि लाल वाइनचं सगळं अंग तुरटपणात आहे. सालीतली आणि बियांतली टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून गोठवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, जीभ टाळूला घासायला लागते. कच्चं केळं किंवा न पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर होतं तेच. हे बरंचसं स्पर्शाचं काम आहे, म्हणून तुरटालाही पाचांत जागा मिळाली नाही. खायच्या द्राक्षाच्या बागेत मात्र तुरटाचं नाव कोणी काढत नाही. दिंडोरी-निफाडकडे शेतकरी मणी पिळून एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, वाचतो. आकडा बघून झाला की उरलेला मणी तोंडात टाकतो, कारण यंत्राला आंबट कळत नाही.

आणि वास. रोजच्या बोलण्यात आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. कोरोनात 'तोंडाची चव गेली' म्हणणाऱ्या कितीतरी जणांना मीठ-साखर कळत होतं, गेला होता तो वास. नाक चिमटीत धरून चिवडा खाल्ला तर मीठ, साखर, आंबटपणा आणि मिरचीची झोंब एवढं जाणवतं. कढीपत्ता, हिंग, तळलेला लसूण यांचा पत्ताच नसतो. चिमटी सोडली की घास गिळायच्या आत सगळे एकदम हजर.

त्या दिवशी निघताना काकूंनी मुलाला सांगितलं की उजव्या हाताची ती लाल वाइन घशाला ओढते, पिकायला ठेवलेल्या केळ्यासारखी. त्याने ते वहीत लिहून घेतलं. भिंतीवरच्या चित्रात त्यासाठी जागा नव्हती.