आधी कोणतं गाणं लावायचं? निवडक गाण्यांच्या भांडणाची पार्श्वभूमी

एखाद्या गायक-कवीची आयुष्यभराची निवडक गाणी एकत्र काढायची म्हटलं की मराठवाड्यात दोन भांडणं ठरलेली असतात. कोणती गाणी गाळली, हे पहिलं. उरलेली कोणत्या क्रमाने लावली, हे दुसरं, आणि तेच जास्त पेटतं. वामनदादा कर्डकांचं नाव निघालं की तर बघायलाच नको. एक म्हणतो, साल बघून लावा, म्हणजे माणूस कसा घडला ते कळेल. दुसरा म्हणतो, वंदनेआधी लावणी वाजवणार का? तिसऱ्याला दोन्हींशी देणंघेणं नसतं. त्याच्या आवडीचं गाणं यादीत आहे की नाही, तेवढंच त्याला बघायचं असतं.

वामनदादा जन्माने मराठवाड्याचे नव्हेत. 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडीला ते जन्मले आणि 2004 साली गेले. मुंबईच्या कामगार वस्तीत मोठेपणी त्यांनी अक्षरं गिरवली, 1943च्या सुमारास गाणी रचायला घेतली, आणि पुढची साठ वर्षं स्वतःचे शब्द स्वतःच्या गळ्याने गावोगाव गायले. रचना हजारोंच्या घरातली. विडंबनं, लावण्या, सिनेमाची गाणी, गझला आणि भीमगीतं, सगळं त्यात आलं. इतक्या पसाऱ्यातून वीस-पंचवीस गाणी उचलायची तर भांडण होणारच. पण ते क्रमावरून का व्हावं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं. निदान नरसीपर्यंत तरी.

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव. जन्मसाल 1270 मानतात. पद रचणारा आणि स्वतःच कीर्तनात उभा राहून ते गाणारा असा हा माणूस. शतकोटी अभंग करण्याचा त्यांचा पण प्रसिद्ध आहे आणि तो पुरा करायला सगळं घर, दासी जनीसकट, रचायला बसलं अशी परंपरा सांगते. जनाबाई गंगाखेडची. तिचे अभंग पुष्कळदा नामदेवांच्याच गाथेला जोडून छापले गेले. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा आणखी एक कवी झाला आणि त्याच्या रचना नामदेवांच्या रचनांत मिसळल्या. शेवटच्या चरणात ‘नामा म्हणे’ आलं की गाणं कुणाचं हा प्रश्न मिटला असं ऐकणाऱ्याला वाटतं. संपादकाचा प्रश्न तिथून सुरू होतो, कारण ‘नामा’ म्हणवणारे कवी एकाहून अधिक. वामनदादांनीही हीच रीत पाळली. शेवटच्या कडव्यात ‘वामन’. त्यामुळे गाण्याला धनी मिळाला, आणि ज्याला आपलं गाणं चालवायचं आहे त्याला उसनं घ्यायला एक नावही मिळालं.

नामदेवांच्या गाण्यांचे दोन मोठे संग्रह झाले आणि ते दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी लागले. मराठी गाथा विषयावर चालते. बाळक्रीडा एकीकडे, ज्ञानेश्वरांचं चरित्र सांगणारी आदि, तीर्थावळी आणि समाधी ही प्रकरणं दुसरीकडे, मग उपदेश, आत्मनिवेदन. 1970 साली महाराष्ट्र शासनाने काढलेली गाथाही हाताळली की हाच विषयवार मांडणीचा पिंड दिसतो. यात कवीचं वय दिसत नाही. कोणता अभंग तरुणपणीचा आणि कोणता पंजाबातून परतल्यावरचा, हे गाथेला विचारून उपयोग नाही. त्यांच्या काळातली हस्तलिखितंच हाती नसल्यावर सालवार लावणार तरी काय?

दुसरा संग्रह 1604 साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केला. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, पण ती एका जागी नाहीत. ग्रंथाचा मुख्य भाग रागावर लागलेला आहे. प्रत्येक रागात आधी गुरूंच्या रचना, मग भक्तांच्या, आणि भक्तांत साधारणपणे कबीर पुढे, नामदेव त्यांच्या मागे. त्यामुळे आपला नामदेव अठरा रागांत विखुरलेला आहे. एका कवीचं समग्र दर्शन घडवावं हा हेतूच तिथे नाही. गाणाऱ्याने राग धरला की त्या रागातलं जे पद हाताशी येईल ते गायचं.

मला यातली गंमत वाटते ती भूगोलाची. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं ते नांदेडला. नरसी शेजारच्या जिल्ह्यात. म्हणजे एकाच गायकाचे दोन ‘निवडक’ संग्रह, एक रागाने लागलेला आणि एक विषयाने लागलेला, लागूनच्या दोन जिल्ह्यांत आजही गायले जातात. नांदेडच्या गुरुद्वारात बसलेल्याला आणि नरसीच्या मंदिरात बसलेल्याला नामदेव निराळ्या क्रमाने भेटतात. दोघांनाही आपला क्रम चुकीचा वाटत नाही.

गाथा छापली गेली ती फार उशिरा. त्याआधी कीर्तनकाराकडे असायचं बाड. लांबट कागद, आखूड बाजूने शिवलेले, पान वर उलटायचं, म्हणजे उभ्या उभ्या एका हाताने चाळता येतं. त्यात एका कवीची सगळी रचना शोधू नये. ज्या प्रसंगावर कीर्तन उभं करायचं त्याला लागणारे अभंग एकापाठोपाठ लिहिलेले असायचे. नामदेवाचा एक, त्याला जोड म्हणून तुकोबाचा एक, मध्येच जनाबाई. बाड हे गाणाऱ्याने केलेलं संपादन, गाथा हे वाचणाऱ्याने केलेलं. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं.

वाचणाऱ्याच्या बाजूचा मोठा माणूसही मराठवाड्याचाच. पैठणच्या एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. पाठभेद तपासले आणि शेवटी एक दमही भरला:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवू नका. आमच्या कवीच्या संग्रहात भलतं गाणं घुसवलं म्हणून तावातावाने बोलणारा आजचा चाहता याहून वेगळं काय म्हणतो? मात्र तेच एकनाथ भारुडं लिहायला बसले की सोंगं आणतात, विंचू आणतात, जोशी आणि जोगवा आणतात, आणि ती रस्त्यावर कुणीही, कशीही, कोणत्याही क्रमाने म्हणतं. ग्रंथ शुद्ध राहावा आणि गाणं मोकळं सुटावं, हे दोन्ही एकाच माणसाला हवं होतं. (तुकोबांच्या गाथेची गोष्ट स्वतंत्र आहे. सरकारने 24 हजार रुपये देऊन 1869 ते 1873मध्ये ती छापवली आणि तरीही अभंगांचा क्रम आणि पाठ यांवरचे वाद थांबले नाहीत. तो विषय इथे वाढवत नाही.)

पण मराठवाड्याचा कान घडला तो पुस्तकावर नव्हे, रात्रीवर. गोंधळ घ्या. संबळ वाजली की आधी देव बोलवायचे, एकेकाला गावाच्या नावानिशी. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका. हे आवाहन झाल्याशिवाय आख्यानाला हात लावत नाहीत. तमाशात गण, मग गवळण, मग बतावणी आणि रात्र चढल्यावर वग. भजनी मंडळात ‘रामकृष्ण हरी’ आणि रूपाचे अभंग पुढे, गौळण मागाहून, भैरवी अगदी शेवटी. भैरवी मध्येच घेतली तर म्हातारी माणसं घोंगडी झटकून उठायला लागतील, कारण त्यांच्या लेखी कार्यक्रम संपला. कुठलं गाणं कुठे बसतं हे इथे शिकवावं लागत नाही. जागं राहून ते आपोआप कळतं.

1930च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले तेव्हा त्यांनी तमाशातला गण टाकला, कृष्णाची गवळण टाकली आणि त्या जागी नवं नमन आणलं. भीमराव कर्डक त्यातलं मोठं नाव. वामनदादांशी त्यांची गल्लत पुष्कळ जण करतात. देव बदलले, पण पहिल्या जागेचा मान तसाच राहिला. पुढे गायन पार्ट्या आल्या. पेटी, ढोलकी, बुलबुल तरंग, मागे कोरस, आणि निजामाच्या मुलखात मुरलेला कव्वालीचा ढंग. दोन पार्ट्या समोरासमोर बसवून सवाल-जवाबाचा मुकाबला. जयंतीची रात्र असो की विद्यापीठाच्या गेटवरची 14 जानेवारी, सुरुवात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या वंदनेने. ही 14 जानेवारी 1994ची. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या, आणि सोळा वर्षांनी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. ज्या गाण्यांनी ती वर्षं काढली त्यांचं वजन सालावरून मोजता येत नाही, असं इथला ऐकणारा म्हणतो तेव्हा त्याला हे सगळं म्हणायचं असतं.

आणि या रात्रीच्या क्रमाला सुरुंग लावणाराही ऐकणाराच. वंदना झाली, दोन गाणी झाली की फर्माईश सुरू. दहाची नोट, तिच्यासोबत चिठ्ठी. गायक गाणं थांबवून माइकवर देणाऱ्याचं नाव, गावाचं नाव वाचतो, कोरसवाले तेवढ्यात पाणी पितात, आणि मघाशीच झालेलं गाणं पुन्हा सुरू होतं. वर एखादं कडवं गायक जागेवर जोडतो. ठरवून आणलेली यादी खिशातच राहते. त्यातूनही जाणकार गायक फर्माईश लांबवून शेवटचं गाणं शेवटीच घेतो. ते कसब कुठल्याही संग्रहात उतरत नाही.

तबकडीने या सगळ्याला पहिली कात्री लावली. 78 फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. रात्री पाव तास चालणारं गाणं त्यात कोंबायचं तर कडवी गाळायची, आणि शेवटचं कडवं गेलं तर गाण्याचा धनी गेला. क्रमाचा प्रश्नच तिथे नव्हता. बाजू दोन, गाणी दोन.

क्रम खरा परत आला तो कॅसेटने. ऐंशीच्या दशकात साठ मिनिटांची कॅसेट खेड्यापर्यंत पोचली. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे पाच-सहा गाणी. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं वंदना, हा जुना मान बहुतेकांनी ठेवला. कंपनीची नजर दुसऱ्या गाण्यावर, कारण गिऱ्हाइकाला दुकानात वाजवून दाखवायचं ते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी भरतीचं काहीतरी. ऐकणाऱ्यांनी मात्र घरी आपापली बाडं तयार केली. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी उतरवायची, आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या पेनाने नावं लिहायची. बाजू संपता संपता शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. ते तुटणंही पाठ व्हायचं. असल्या कॅसेटवर वाढलेल्या माणसाला मूळ गाणं पूर्ण ऐकवलं तर तिथे आल्यावर तो क्षणभर थांबतोच. पुढे एमपीथ्री सीडीत दीडशे गाणी आली आणि ती लागली इंग्रजी आद्याक्षरांनी किंवा फाइलच्या नंबराने. मेमरी कार्डातही तेच. कुणीच न लावलेला असा क्रम आपल्याकडे तेव्हा पहिल्यांदा आला.

परदेशातही हा वाद आहेच, आणि तिथे तो खुद्द गायकांनीच पेटवला. नील यंगने 1977 साली तीन तबकड्यांत पस्तीस गाणी काढली, साधारण सालवार, आणि सोबत प्रत्येक गाण्यावर स्वतःच्या हाताने चार शब्द लिहिले. बॉब डिलनचा 1985चा पाच तबकड्यांचा संच याच्या उलटा. त्रेपन्न गाणी, त्यातली काही तोवर न आलेली, आणि साठच्या दशकातल्या गाण्याशेजारी ऐंशीतलं. तिथल्या चाहत्यांतही तेव्हापासून तट आहेत. पण त्यांच्या वादात आधी कुणाला वंदन हा मुद्दा नसतो. तिथे क्रम ठरतो तो कलावंताच्या चरित्रावरून किंवा त्याच्या लहरीवरून. आपल्याकडे जमलेल्या माणसांचाही त्यावर हक्क असतो.

म्हणून सालवारवाल्यांची बाजू मला पटते ती अर्धीच. ते म्हणतात, 1956च्या ऑक्टोबरातली दीक्षा आणि डिसेंबरातलं महापरिनिर्वाण यांच्या अलीकडचं गाणं कोणतं आणि पलीकडचं कोणतं, हे कळलं पाहिजे. बरोबर आहे. त्या दोन महिन्यांनी कवीचा सूर बदलला असेल तर तो ऐकू आला पाहिजे. पण वामनदादांची किती गाणी नेमक्या कोणत्या दिवशी रचली गेली हे सांगणारा कागद आहे? संग्रह निघाले ते फार पुढे, गाणी आधी पाठ झाली, गावागावांत कडवी वाढली. साल लिहायचं तर पुस्तिकेत लिहा, जिथे ते ठाऊक आहे तिथे.

लावण्या आणि सिनेमाची गाणी गाळायची की नाही, यावर माझं मत ठाम आहे: गाळू नयेत. पोटासाठी लिहिलेल्या गाण्यांत हात तयार झाला आणि तोच पुढे भीमगीतात चालला. त्यांच्यासाठी वेगळी बाजू ठेवावी. मुख्य संचाला मात्र रात्रीचा क्रम द्यावा. वंदना पहिली. त्यानंतर समाजाची गाणी, मग टाटा-बिर्लांना धनाचा हिशेब विचारणारी टोचणी, ती साधारण मध्यरात्रीच्या जागी, जिथे माणसं पेंगायला लागतात आणि हसवून जागं करावं लागतं. भीमाच्या मताचे पाच लोक तरी असते तर, असं आपल्याच माणसांना सुनावणारं गाणं त्याच्याही पुढे, जवळजवळ अखेरीस. ते सुरुवातीला ठेवलं तर भाषण वाटतं. रात्रभर सोबत बसलेल्या माणसाने ते म्हटलं तर ऐकून घ्यावं लागतं. यावर नांदेडचे लोक म्हणतील की ते गाणं मुकाबल्यात पहिल्याच फेरीत काढायचं असतं. त्यांच्याकडे मुकाबले जास्त होत, त्यामुळे त्यांचंही खरं असेल.