मागायचं नाही, हा नियम कुठून आला

मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणाची नोकरी गेली, कुणाला मोठं दुखणं लागलं, की प्रार्थनेला जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, ‘प्रभू पुरवील.’ शब्द जुने आहेत. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम मुलाला घेऊन डोंगर चढतो, तिथले. पण आपल्याकडे या शब्दांना एक काटेकोर व्यवहारही चिकटला आहे. गरज देवाला सांगायची, माणसापुढे हात पसरायचा नाही. ‘विश्वासावर चालणारी संस्था’ म्हणतात ती हीच. या नियमाचा माग काढत गेलं की वाट जर्मनीतल्या हालेहून इंग्लंडातल्या ब्रिस्टलला आणि तिथून दौंडजवळच्या केडगावला येते.

संकटात देवावर भरवसा ठेवणं म्हणजे गप्प बसणं, असं शास्त्रात कुठेच नाही. बायबलातला ईयोब देवाशी चक्क भांडतो. हबक्कूक संदेष्ट्याचं शेवटचं गीत तर दुष्काळ पाहिलेल्याला लगेच कळेल: अंजिराला फूल नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी हर्ष करीन. त्यातला ‘तरी’ सोपा नाही.

हाले इथे १६९५ साली आउगुस्ट फ्रांके या पाळकाच्या दानपेटीत ४ थालर १६ ग्रोशन निघाले. एवढ्याशा पैशांवर त्याने गरीब मुलांची शाळा काढली आणि पुढे तिथेच मोठा अनाथाश्रम उभा राहिला. (१७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरलेला मिशनरी झिगेनबाल्गही हालेत शिकलेला.) सव्वाशे वर्षांनी जॉर्ज मुलर नावाचा विद्यार्थी याच हालेत शिकला. तरुणपणी तो चोऱ्या करायचा, तुरुंगातही जाऊन आला होता. १८३६ साली त्याने ब्रिस्टलमध्ये अनाथांसाठी घर काढलं आणि नियम केला की कुणाकडेही पैसे मागायचे नाहीत. पुढे त्याच्याकडे एका वेळी दोन हजारांवर मुलं राहत होती.

टीकाकार म्हणत, मागत नाही म्हणता आणि वार्षिक अहवाल छापून घरोघर पाठवता, तेही मागणंच की! मला हा आक्षेप अगदी पोकळ वाटत नाही. पण १८४१च्या डिसेंबरात तिजोरी रिकामी असताना मुलरने अहवाल मुद्दाम पुढे ढकलला. लोकांना अडचण कळू नये, एवढंच कारण.

आता केडगाव. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत कुटुंबासह तीर्थं फिरत. दक्षिणेतल्या दुष्काळात जवळचं सगळं संपलं. देवावरचा भरवसा त्या घरात कमी नव्हता. उपास, अनुष्ठानं, दानधर्म, काहीच सोडलं नव्हतं. वडील गेले आणि मग आईने अंथरूण धरलं. आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईकडे गेली, पण तोंडातून शब्द फुटेना, नुसतं पाणी डोळ्यांतून. बाईने भाकरी दिली, पण ती खाण्याइतकं बळ आईत उरलं नव्हतं. आई गेली. तिला उचलायला दोनच ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, म्हणून चौथा खांदा रमेने दिला. खांदा तरी कुठला, उंची कमी म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. हे सगळं त्यांनीच १९०७च्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, लिहिलं आहे.

त्यामुळे रमाबाईंचा ख्रिस्ती भरवसा म्हणजे एक भरवसा मोडल्यानंतरचा दुसरा भरवसा. तोही एका रात्रीत आला नाही. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, असं त्या पुढे सांगत. तो सापडायला आणखी आठेक वर्षं लागली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू झाली, ती अमेरिकेतल्या वर्गणीदारांनी दहा वर्षांसाठी दिलेल्या शब्दावर. मुदत संपल्यावर काय, याचा हिशेब त्यांनी केला होता: केडगावला जमीन घ्यायची, फळबाग लावायची, उत्पन्नावर शाळा चालवायची. त्याच सुमारास मुलरचं चरित्र वाचून त्यांना प्रश्न पडला की हिंदुस्थानात असं राहता येणार नाही का?

झाडं मोठी व्हायच्या आत १८९६चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली आणि विधवा पाहिल्या. तीनशे जणींना आणायचं त्यांनी ठरवलं. हातात तेवढा पैसा नव्हता. त्यात पुण्यात प्लेग, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर हलवलं. १८९८ साली अमेरिकेचा करार संपला. त्याच वर्षी मार्चमध्ये मुलर वारला. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावच्या मुक्तिसदन या आश्रमातली वस्ती दीड हजारापुढे गेली. दुष्काळात माणसं बाटवतात हा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो.

पैसे न मागण्याच्या रमाबाईंच्या निश्चयाला मुलरचं पुस्तक कारण झालं, असं सगळे लिहितात. मला मात्र दर वेळी शेजारणीच्या दारात उभी असलेली ती मुलगी आठवते, जिच्या तोंडून भाकरीसाठी शब्द फुटला नव्हता. आणि मुक्तीत कुणी हात जोडून वाट पाहत बसलेलं नव्हतं. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता.

त्या छापखान्यासाठी रमाबाई शेवटची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. मुक्तीचा कारभार जिच्या हाती द्यायचा, ती एकुलती मुलगी मनोरमा १९२१च्या जुलैत गेली. काम तरी चालूच राहिलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि संपूर्ण बायबल केडगावात छापून निघालं ते १९२४ साली.