शिरीन नेशात यांच्या कलेतील विजनवास आणि अस्मिता

इराणी-अमेरिकन दृश्यकलावंत शिरीन नेशात (जन्म २६ मार्च १९५७, कझवीन) यांच्या छायाचित्रांमागील व चित्रफितींमागील प्रमुख आशयसूत्र. त्या १९७४ च्या सुमारास शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या आणि इराणमधील १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर तेथेच राहिल्या. त्यांना कोणी हद्दपार केलेले नव्हते. म्हणून ‘विजनवास’ हा शब्दच येथे योग्य वाटतो. क्रांतीनंतरच्या पहिल्या मायदेशभेटीचे साल बहुधा १९९०, क्वचित १९९३ दिले जाते. त्या भेटीतून सुचलेल्या ‘विमेन ऑफ अल्लाह’ मालिकेची पहिली छायाचित्रे १९९३ चीच असल्याने १९९० अधिक संभवनीय.

या मालिकेतील (१९९३–९७) अक्षरे त्वचेवर लिहिलेली दिसतात, पण तसे नाही. छायाचित्रे बहुधा इतरांनी टिपलेली. छापून आलेल्या कृष्णधवल प्रतीवर नेशात यांनी शाईने फार्सी मजकूर लिहिला. चादोरबाहेर (इराणी स्त्रिया अंगभर घेतात ते वस्त्र) उरलेले चेहरा, हात, तळपाय हीच लेखनाची जागा. ‘ऑफर्ड आइज’मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बुबुळाभोवती, इराणी कवयित्री फरुग फर्रुखजाद यांच्या सुकत चाललेल्या बागेवरील कवितेच्या ओळी फिरतात. हा मजकूर कुराणातला असल्याचा समज चुकीचा आहे; तो मुख्यतः आधुनिक कवयित्रींचा आहे. त्यांत क्रांतीच्या समर्थक ताहेरे सफारजादेही आहेत. त्यामुळे मालिकेला क्रांतीच्या बाजूची किंवा विरुद्ध ठरवणारी मते टिकत नाहीत. फार्सी न येणाऱ्याला ही नक्षी वाटते, इराणी वाचकाला मात्र ओळखीची कविता भेटते. विजनवासाची खरी वेदना या फरकात आहे.

‘टर्ब्युलंट’ या चित्रफीत-मांडणीमध्ये (१९९८) प्रेक्षक समोरासमोरच्या दोन पडद्यांमध्ये उभा राहतो. एकीकडे पुरुषांनी भरलेल्या सभागृहात गायक सूफी कवी रूमीचे काव्य गातो. दुसरीकडे रिकाम्या खुर्च्यांपुढे गायिका सुसन देहिम शब्दांविना गातात. पुरुषांसमोर स्त्रियांच्या एकल गायनावर इराणमध्ये असलेल्या बंदीचा संदर्भ या कलाकृतीला आहे. १९९९ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात नेशात यांना आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘विमेन विदाउट मेन’ (२००९) या चित्रपटासाठी १९५३ चे तेहरान मोरोक्कोत उभारावे लागले. त्याला व्हेनिस महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला.

‘विमेन ऑफ अल्लाह’मधील बुरखा आणि बंदूक पाश्चात्त्य नजरेला रुचणारी आहेत, असा आक्षेप काही समीक्षक घेतात. कवितेचा मजकूर वाचल्यावर हा आक्षेप बराच सौम्य होतो. ‘लँड ऑफ ड्रीम्स’मध्ये (२०१९) न्यू मेक्सिकोतील रहिवाशांच्या छायाचित्रांवरही फार्सी अक्षरे आली.